खिरानची तिसरी हाक

कुवेतमध्ये राहून सुट्टीत पुन्हा वाळवंटातच मुक्कामाला का जायचं, हा प्रश्न मला सोलापूरच्या जवळजवळ प्रत्येक माणसाने विचारला आहे. माझ्या वहिनीने तर सरळ विचारलं, "घरात येते ती वाळू पुरत नाही का तुम्हाला, बाहेर जाऊन खाताय ती?" तिचं चुकलं असं नाही. पण ज्याने तिथला उन्हाळा काढलाय त्यालाच तिथला हिवाळा कळतो. नोव्हेंबर लागला की कुवेती माणूस आपला संगमरवरी बंगला सोडून तंबूत राहायला जातो. आपल्याकडे थंडीत शेतावर हुरडा खायला जातात ना, तसंच ते. फक्त यांच्या हुरड्याला गालिचे लागतात, जनरेटर लागतो, टीव्हीची तबकडी लागते आणि चहा करायला आचारी लागतो.

आमच्यासारख्या परक्यांकडे तंबू नसतो आणि आचारीही नसतो. पण त्या वर्षी दक्षिणेला खिरानच्या खाडीकाठी एकाने कॅरॅव्हॅनचा मुक्काम सुरू केला होता. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची घरं. आत दोन बाकं, त्यांचेच रात्री पलंग होतात, एक शेगडी, एक एवढंसं न्हाणीघर. चाकं असली तरी ती घरं कुठे जात नाहीत, वाळूत रुतून बसलेली असतात. आपण जायचं, एक रात्र राहायचं आणि परत यायचं. इराकी सैन्य गेल्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, आणि लोक पुन्हा निर्धास्तपणे किनाऱ्यावर जाऊ लागले होते.

गुरुवार, अबू हलीफा ते खिरान

तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, पण दिलीपला गुरुवारी अर्धा दिवस काम असायचं. गुरुवारी दुपारी दिलीप कामावरून आला आणि आम्ही निघालो. दिलीप माझा नवरा, दाभोळच्या खाडीकाठचा, एका कंत्राटदाराकडे पाइप जोडणाऱ्या लोकांचा फोरमन. मी सोलापूरची. लग्नात आमच्याकडच्यांनी मला बजावलं होतं, कोकणातला माणूस आहे, त्याच्याबरोबर त्याची भुतंही येतील, सांभाळ. भुतं मी अबू हलीफा गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कधी पाहिली नाहीत, पण नारळ संपला की त्याचा चेहरा मात्र झपाटल्यासारखा व्हायचा.

मागच्या सीटवर आमची सात वर्षांची मुलगी. तिचं नाव मुग्धा, पण ते फक्त शाळेतल्या बाईंसाठी. घरात तिला त्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तिला सोने म्हणायची, चिमणे म्हणायची, पिल्लू, बाळा, जे तोंडात येईल ते. दिलीप मुगे म्हणायचा. आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आम्ही त्यावरून तिला बोलायचो आणि शेजाऱ्यांसमोर कौतुकही करायचो.

आमच्या पुढच्या गाडीत हमीदभाई आणि जुबेदाभाभी. हमीदभाई श्रीवर्धनकडचे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. त्यांची मुलं शिकायला गावी होती, त्यामुळे भाभींचा सगळा जीव आमच्या मुलीवर. मी घेतल्या होत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी. भाभींनी घेतली होती मसाला लावलेली पापलेटं. मीठ दोघींनीही घेतलं नव्हतं, कारण दोघींनाही वाटलं की दुसरीने घेतलं असेल.

शहर मागे पडलं की तिथे काहीच उरत नाही. विजेचे मनोरे, मग तेही नाहीत. मधूनच खुरटी झुडपं आणि त्यात बसलेले उंट. सोलापूरच्या माळाची सवय असलेल्या मला ओसाड जमिनीची भीती वाटत नाही. पण आपल्या माळावर लांब कुठेतरी एखादं लिंबाचं झाड असतं, त्याच्याखाली बसलेलं माणूस असतं. इथे नजर जाते ती जातेच, तिला कुठे टेकायला जागा नाही.

मुक्कामाच्या फाटकाशी तिथला राखणदार उभा होता. तिकडे त्याला हारिस म्हणतात. हा अबू सामी, इजिप्तचा, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. आम्हाला पाहून त्याला फार आनंद झाला, कारण दुसरं कुणी आलंच नव्हतं. अरबी शाळांच्या परीक्षा चालू होत्या. पांढऱ्या कॅरॅव्हॅनची रांगच्या रांग, सगळ्यांचे पडदे ओढलेले, आणि वस्तीला फक्त आम्ही. लहान मुलांसाठी झोपाळे होते. वारा पडलेला होता, तरी त्यातला एक झोपाळा बराच वेळ हलत होता. मी दिलीपला दाखवला तर तो म्हणाला, "अगो, आताच उठला असेल कोणीतरी." मी विचारलं, "कोण?" त्यावर तो सामान काढायला गेला.

अबू सामीने आम्हाला सगळीकडे फिरवलं. रांगेच्या शेवटी सार्वजनिक संडास-न्हाणीघरांची इमारत, आणि तिच्यामागे खांबांना ताणलेली तार, तारेला बांधलेल्या लाल चिंध्या. तिथे तो थांबला आणि तर्जनी हलवून म्हणाला, "मम्नू, मदाम. मम्नू." म्हणजे मनाई. मग त्याने दोन्ही हातांनी जमिनीतून काहीतरी वर उडाल्यासारखं केलं. मुग्धा हसली. दिलीपने त्याच्याशी तोडक्यामोडक्या अरबीत बोलून घेतलं आणि मला सांगितलं, "सुरुंग होते तिकडे. सगळं साफ केलंय म्हणतो, पण वाळू सरकते, पाऊस झाला की खालचं वर येतं. तारेपलीकडे पाऊल टाकायचं नाही." एका जागी खांब आडवा पडला होता आणि तार वाळूत बुडाली होती. उद्या दुरुस्त करतो, असं अबू सामी म्हणाला.

तारेपलीकडे एक पडकं घर दिसत होतं. कुणाचंतरी समुद्रकाठचं सुट्टीचं घर असणार. युद्धात छप्पर गेलेलं, तीन भिंती गेलेल्या. चौथ्या भिंतीवर न्हाणीघराच्या निळ्या फरशा तशाच होत्या आणि त्यांच्या मध्यावर एक आरसा, न फुटलेला. उतरतं ऊन त्याच्यावर पडलं की आमच्याकडे बघून कुणी डोळा मिचकावल्यासारखं वाटायचं. मी मुलीला घेऊन लगेच मागे फिरले.

संध्याकाळ, शेकोटीपाशी

सूर्य बुडायच्या आत हमीदभाईंनी शेकोटी पेटवली. मीठ अबू सामीकडून आणलं. पापलेटं भाजली, दशम्या त्या निखाऱ्यावरच गरम केल्या. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पापलेट कसं लागतं हे सोलापुरात सांगितलं तर मला वाळीत टाकतील, पण लागतं उत्तम.

त्या जागेची एक खोड तेव्हाच लक्षात आली. खाडीपलीकडे फार लांब कुवेती लोकांचे तंबू होते, दिवे काजव्यांएवढे. पण तिथलं बोलणं मधूनच आपल्या कानाशी ऐकू यायचं. एकदा माझ्या अगदी मागे कुणीतरी बाई हसली म्हणून मी वळले, तर मागे फक्त खारवट जमीन. तिच्यावर मिठाचा पापुद्रा असतो, पाऊल पडलं की करकरतो. दिलीपने त्या जमिनीकडे बघून उसासा टाकला. "आमचं खाजणच हे. फक्त खेकडे नाहीत."

खाजण म्हटल्यावर चकवा येणारच. दिलीप मुलीला सांगायला लागला, "मुगे, खाजणात चकवा असतो. तो माणसाला वाट चुकवतो. लांबून हाक मारतो, आपल्याच माणसाच्या आवाजात. आपण ओ दिली की संपलं, मग तो नेईल तिकडे जायचं."

"मग काय करायचं?" तिने चक्क मराठीत विचारलं.

"ओ द्यायची नाही. चकवा एकदा हाक मारतो, दोनदा मारतो. तिसरी हाक त्याला मारता येत नाही. तेच नाव घेऊन, एकाच जागेवरून तिसऱ्यांदा हाक आली की समजायचं आपलं माणूस आहे. मगच ओ द्यायची."

"बरोबर आहे," हमीदभाई म्हणाले. "आमच्याकडे पण तसंच. आमी जिन म्हणतो. माझी आजी पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाय, दारात पोस्टमन आला तरी."

मी म्हटलं, "तुमच्या चकव्याला इथे यायचं तर आधी व्हिसा लागेल, मग अकामा काढावा लागेल. कफील कोण होणार त्याचा?" अकामा म्हणजे राहण्याचा परवाना आणि कफील म्हणजे तिथला जामीनदार, त्याच्याशिवाय परक्या माणसाला तिथे राहता येत नाही. हमीदभाई खूप हसले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या सोलापुरात भुतं नाहीत काय?" मी म्हटलं, "आहेत, पण उन्हात त्यांना फिरवत नाही."

मुग्धा हसली नव्हती. ती विचार करत होती. "बाबा, व्हॉट इफ इट्स आई?"

"आई असली तरी," दिलीप म्हणाला. "तिसऱ्या हाकेलाच."

"ओके," ती म्हणाली, शाळेतला नियम ऐकावा तशी.

झोपायच्या आधी आमच्या कॅरॅव्हॅनचं न्हाणीघर तुंबलं. दिलीपने हत्यारं काढली, खाली वाकला, डोकं आपटून घेतलं आणि हात टेकले. तेलाच्या कारखान्यातले पाइप जोडणाऱ्या माणसाला एवढंसं भांडं मोकळं करता येईना यावरून मी त्याला यथेच्छ छळलं. शेवटी ठरलं, सकाळी सगळ्यांनी रांगेच्या टोकाच्या त्या इमारतीत जायचं.

शुक्रवार, धुकं

सकाळी मी चहाला उठले तर खिडकीला कुणीतरी बाहेरून पांढरा कागद चिकटवल्यासारखं दिसलं. दार उघडलं. पायरी दिसत होती, पायरीपुढे काही नाही. धुकं मी महाबळेश्वरला पाहिलं होतं. ते हलतं, वाहतं, मधे मधे फाटतं. हे जागचं हलत नव्हतं. शेजारची हमीदभाईंची गाडीसुद्धा दिसत नव्हती.

मग मी मुलीच्या बाकाकडे पाहिलं. पांघरूण बाजूला केलेलं. तिच्या चपला नव्हत्या.

ती कुठे गेली असेल हे मला लगेच कळलं. शहाण्यासारखी, कुणाला न उठवता, आम्ही रात्री ठरवलं तिकडेच गेली होती. रस्ता सरळ होता, कालच पाहिलेला. पण सरळ रस्ता दिसला तर सरळ. आणि त्या इमारतीच्या मागे काय होतं तेही मला आठवलं. मी पायरी धरून खाली उतरले.

मी दिलीपला हाक मारली आणि तो येईपर्यंतही न थांबता चालत सुटले. रांगेतल्या घरांच्या भिंती हाताने चाचपत चालले होते. इमारत लागली. आत सगळे दरवाजे ढकलून पाहिले. एका बेसिनचा नळ ठिबकत होता आणि बेसिनच्या कडेला तिचा टूथब्रश होता, ओला. म्हणजे ती इथवर नीट आली होती आणि बाहेर पडून चुकली होती.

मी बाहेर येऊन ओरडत सुटले. "सोने!" इकडे धावले. "चिमणे, कुठे आहेस गं?" तिकडे धावले. "बाळा! ए पिल्लू!" दिलीप खाडीच्या बाजूला गेला होता, त्याचं "मुगे, मुगे" लांब लांब होत गेलं. मी थांबून ऐकायचे, तर माझ्याच श्वासाशिवाय काही नाही. एकदा मला तारेच्या बाजूने बाईचा आवाज आल्यासारखा वाटला, काहीतरी हाक मारणारा. मला वाटलं, जुबेदाभाभी तिकडून शोधत असतील. बरं वाटलं. मी उलट्या बाजूला गेले.

पण उत्तर नव्हतं. लहान मूल चुकलं की रडतं, आई म्हणून ओरडतं. ही काहीच का करत नाही, हे मला कळेना. गप्प असायला एकच कारण माझ्या मनात येत होतं आणि ते मी मनात येऊ देत नव्हते. सुरुंग फुटला असता तर आवाज झाला असता, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

समोरून एक आकृती आली आणि मी किंचाळले. ते हमीदभाई होते, फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर बाहेर आलेले, डोक्यावर टोपी तशीच. त्यांच्या मागे अबू सामी, हातात बॅटरी, जिचा काहीही उपयोग होत नव्हता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण हमीदभाईंनी मधेच मला थांबवलं.

"वहिनी, तुमी काय म्हणून हाक मारताय तिला?"

"काय म्हणून म्हणजे? सोने, चिमणे..."

"प्रत्येक वेळेला वेगळं नाव?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"आणि पळता पळता, या बाजूने एक, त्या बाजूने एक," ते म्हणाले. "वहिनी, पोरगी ऐकत असेल. ती मोजतेय. तिची तिसरी हाक झालीच नाय."

मला आधी समजलं नाही, आणि समजलं तेव्हा रडू आलं. आमच्या मुलीला आम्ही सांगितलेलं काहीच ऐकायची सवय नव्हती. भाजी खा म्हटलं तर खायची नाही. आणि नेमकं हे तिने ऐकलं होतं.

"एका जागी उभ्या राहा," हमीदभाई म्हणाले. "एकच नाव घ्या. खरं नाव घ्या."

मी उभी राहिले. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले आणि लग्नानंतर पहिल्यांदा कोकणातल्या एका भुतावर विश्वास ठेवला.

"मुग्धा."

काही नाही.

"मुग्धा."

कुठेतरी मीठ करकरलं.

"मुग्धा!"

"ओ."

इतक्या जवळून आली ती ओ. मी तिकडे झेपावले तर अबू सामीने माझा दंड धरून मला मागे ओढलं. त्याचा पाय कशाला तरी अडला होता. खाली वाळूत तार होती, आडव्या पडलेल्या खांबाची. मुलगी तिच्या पलीकडे होती.

धुक्यात आता ती दिसायला लागली. गुलाबी स्वेटर, दोन्ही हात अंगाशी, प्रार्थनेला उभी राहते तशी ताठ. ती रडत नव्हती. अबू सामी पुटपुटत होता, ती दुवा असणार. हमीदभाई खाली बसले आणि जमिनीकडे बोट दाखवून मला हळूच म्हणाले, "पावलं बघा. ओल आहे, उमटलीत. त्याच पावलांवरून येऊ दे तिला."

मी तिला म्हटलं, "सोने, आपण एक खेळ खेळू. तू जाताना जिथे जिथे पाय ठेवलास ना, बरोब्बर तिथेच पाय ठेवून परत ये. पावलावर पाऊल. चुकायचं नाही." माझा आवाज इतका शांत कसा निघाला ते मला आजही कळत नाही. तिने मागे वळून खाली पाहिलं, आणि यायला लागली. लंगडीच्या चौकटीत पाय टाकावा तशी, जीभ बाहेर काढून. प्रत्येक पावलाला पापुद्रा करकरत होता आणि मी मरत होते. तारेजवळ आल्यावर हमीदभाईंनी तिला उचलली आणि माझ्या अंगावर दिली. तिचे केस गार ओले झाले होते. मी तिला इतकं दाबलं की ती म्हणाली, "आई, यू आर हर्टिंग मी."

आवाज ऐकून दिलीपही खाडीकडून धावत आला. जुबेदाभाभी आमच्या कॅरॅव्हॅनच्या पायरीवर तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, तुम्ही तारेकडे गेला होता ना शोधायला?" त्या म्हणाल्या, "नाय गं. पोरगी परत आली तर कोणीतरी पायजे म्हणून हितंच बसले मी." मी चहा ठेवायला आत गेले.

परतीच्या वाटेवर

धुकं उठलं आणि लख्ख ऊन पडलं. पाहावं तर ती तार आणि ती इमारत यांच्यात हाकेचंही अंतर नव्हतं. पडक्या घराच्या भिंतीवरचा आरसा चमकत होता. मुलीची पावलं तारेपासून थेट त्या भिंतीच्या रोखाने गेली होती आणि मधेच थांबली होती. थांबली होती तिथे ती बराच वेळ उभी असणार, कारण पापुद्रा दबून काळा झाला होता. अबू सामी खांब उभा करत होता. त्याने आम्हाला निरोप देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीत दिलीप रस्त्यावरून नजर हलवत नव्हता. भुतांची गोष्ट सांगणारा तोच, त्यामुळे मी त्याला फाडून खाईन अशी त्याला भीती असावी. खरं तर मला त्याच्यावर रागवायची ताकद नव्हती. मुलगी माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसून दशमीचा रोल खात होती. विजेचे मनोरे दिसायला लागले, मग पेट्रोल पंप, मग माणसं. तेव्हा ती म्हणाली, "आई, तू आधी तिकडे कशी गेलीस?"

"कुठे?"

"वायरच्या त्या साइडला. ते मिररवालं घर आहे ना, तिथे. आय वॉज गोइंग बॅक, आणि तू तिथून हाक मारलीस."

दिलीपने समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणून हाक मारली?" मी विचारलं.

"मुग्धा. आधी एकदा मारलीस, मग मी आले थोडी. मग परत मारलीस. तुझाच व्हॉइस होता. पण बाबांनी सांगितलं ना, म्हणून मी थांबले."

मी आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या नावाने हाक मारली ती हमीदभाईंनी सांगितल्यावर, आणि तेव्हा मी तारेच्या अलीकडे होते. त्याआधी ते नाव तिथे कुणीच घेतलं नव्हतं. खाडीपलीकडच्या तंबूंतल्या कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी हे सगळं तिला सांगितलं असतं तर ती पुन्हा कधी एकटी झोपली नसती, आणि मीही नसते. म्हणून मी म्हटलं, "हो. मीच होते."

तिने दशमी खाली ठेवली. ती रुसली होती.

"मग तिसरी का नाही मारलीस?" ती म्हणाली. "मी येणारच होते."